पाहुणीचा डावा हात

माझ्या लहानपणीच्या सगळ्या सदऱ्यांना डावी बाही होती, पण तिला तोंड नव्हतं. माय मनगटापुढे चार बोटं कापड जास्त सोडायची आणि तिथं दुहेरी टाका घालून बाही पिशवीसारखी शिवून टाकायची. शेवटचा टाका झाला की दातानं दोरा तोडायची, त्याचा टक् असा आवाज यायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हात आत गेला, आता पुढच्या आंघोळीपर्यंत आतच. उन्हाळ्यात त्या पिशवीत घाम साचायचा, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, आणि पळता पळता पडलो की दर वेळी उजवंच कोपर फुटायचं. घरात कोणी दुष्ट नव्हतं. टाका टोचू नये म्हणून माय आतून जुन्या लुगड्याची पट्टी लावायची. हुकूम बाबांचा होता. वलगावात आमची काळी जमीन होती, चार लोकांत बाबांना मान होता, आणि त्यांच्या घरात डावखुरं पोरगं निघालं होतं. डाव्या हाताचं पेरलेलं उगवत नाही, असं ते सांगायचे, आणि गावात त्यांना उलटं विचारणारा कोणी नव्हता.

शाळा मी तिसरीत सोडली. मास्तरांनी डाव्या हातावर मारलं म्हणून सोडली, असं आमच्या घरात सांगतात ते खोटं आहे. मारलं खरं, पण सोडली मी माझ्या मनानं. उजव्या हातानं अक्षर वाकडं यायचं आणि वाकडं अक्षर दाखवत फिरायला मी तयार नव्हतो. आताही ही पानं मी उजव्याच हातानं खरडतो आणि नात ती मोबाइलवर उतरवून घेते. माझं ‘मले’ खोडून ती ‘मला’ करते. लोकांच्या तोंडचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवायचं, असा तिला दम दिला आहे.

बाही शेवटी उघडली ती कापसानं. वेचणीला दोन हात लागतात. बाबा मायला म्हणाले, “वेचाईपुरती मोकळी कर.” मोकळी झालेली बाही पुन्हा शिवली गेली नाही, पण तिच्या बदल्यात नवा नेम आला. जेवायला बसलं की डावा हात मांडीखाली. पाटावर बसायचं, हात मांडीखाली सरकवायचा, मग माय ताट पुढं करणार. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी अन् तिच्यावर कच्चं तेल. सणाला पुरण, उन्हाळ्यात आंब्याचा रस आणि गव्हाच्या पिठाचे सरगुंडे. बाबा समोर बसायचे आणि जेवता जेवता त्यांची नजर माझ्या मांडीवर यायची. जेवण संपेपर्यंत हाताला मुंग्या आलेल्या असायच्या. कितीतरी वर्षं मला वाटायचं, पोट भरलं की सगळ्याच माणसांच्या डाव्या हाताला मुंग्या येतात.

मिसरूड फुटलं तेव्हा अमरावतीच्या मामांनी मला त्यांच्याकडे नेलं आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कामाला लावलं. दिवसभर सरकीचा वास आणि नाकात कापसाची कुस. संध्याकाळी मामांच्या ओळखीनं मी व्यायामशाळेत जायचो. गेलो होतो कुस्तीसाठी. एक दिवस बाजूच्या हॉलमध्ये बॅडमिंटनच्या जोडीला चौथा माणूस कमी पडला आणि कोणीतरी माझ्याकडे रॅकेट फेकली. मी ती डाव्या हातानं झेलली आणि तशीच धरून उभा राहिलो. कोणी ओरडतं का, याची वाट पाहत होतो. कोणी ओरडलं नाही. समोरचा नुसता म्हणाला, “अबे, खेळतं का पूजा करतं?”

त्या दिवसापासून मी कुस्तीच्या मातीत पाय ठेवला नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत अमरावतीत माझ्यासमोर टिकेल असा पोट्टा उरला नव्हता. ही फुशारकी नाही, तसं होतं. माझ्याकडे नाजूक खेळ नव्हताच. फूल वर आलं की मी त्याच्याखाली जायचो आणि असा फटका हाणायचो की समोरच्याला फक्त आवाज ऐकू यायचा. शटल हा शब्द तिथं कोणी वापरत नव्हतं, आम्ही फूलच म्हणायचो. एवढी वर्षं शिवून ठेवलेला हात होता, तो मोकळा सुटायचा.

अकोल्याच्या एका कापडगिरणीला तेव्हा स्वतःचा संघ काढायचा होता. निवडीत जो टिकेल त्याला नोकरी आणि चाळीत एक खोली. मला खोली हवी होती. नोकरी सगळीकडे मिळते, पण दार लावून ज्या हातानं वाटेल त्या हातानं जेवता येईल अशी खोली मी कुठं पाहिली नव्हती. त्या वर्षीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी घरी गेलो आणि ताटावरच विषय काढला. बाबांनी आधी रसाचा द्रोण संपवला.

“खेय उन्हायाभर,” ते म्हणाले. “निवडला गेला तं जाय अकोल्याले, मी आडवा येनार नाई. नाई गेला, तं हा हात कायमचा मांडीखाली. जिथं राहशीन तिथं. मी पाह्यलं, नाई पाह्यलं, तरी. हाय कबूल?”

“हाय कबूल,” मी म्हणालो. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चुलीकडं तोंड केलं.

मी परत अमरावतीला आलो तर आमचा हॉल आमचा राहिला नव्हता. बायकांच्या जागतिक सांघिक स्पर्धेतला आपल्या भागातला एक सामना अकोल्याला ठरला होता आणि आपल्या देशाच्या मुली तयारीसाठी आमच्या व्यायामशाळेत उतरल्या होत्या. समोर येणार होता पूर्वेकडच्या बेटांच्या देशातला संघ. त्यांची पहिल्या नंबरची बाई डावखुरी होती. आपल्याकडून तिच्यासमोर उभी राहणार होती सुनंदाताई, नागपूरची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, उंच आणि तोंडाची फटकळ. ती त्या बाईकडून याआधी दोनदा हरली होती आणि तिसऱ्यांदा हरली तर संघातली जागा जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. डाव्या हाताचं फूल उलट्या बाजूनं येतं, ते नेहमी खेळल्याशिवाय कळत नाही. म्हणून मुलींना शिकवणाऱ्या कानडे सरांनी मला बोलावलं.

“पुंडलिक, उद्यापासून तू पुंडलिक नाहीस,” ते म्हणाले. “तू ती बाई. ती फटका मारत नाही. फूल उंच उचलते, मागच्या कोपऱ्यात टाकते, अन् माणूस मागं गेला की जाळीजवळ हळूच सोडते. तेवढंच करायचं. दुसरं काही नाही.”

“अन् फटका?”

“फटका विसर.”

सुनंदाताई कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहत होती. “मिशीवाली हाय, पण चालन,” ती म्हणाली आणि सगळ्या पोरी हसल्या. तेव्हापासून मला तिथं कोणी नावानं हाक मारली नाही. “बाई, या.” “बाई, पाणी घेता का?” “बाईचा पदर सावरा कोणी तरी.” जिनातल्या पोरांपर्यंतही ते गेलं. मी रागानं लाल व्हायचो, पण सोडून जाणार कुठं? हॉल त्यांच्याकडे होता आणि खेळायचं असेल तर बाई होऊनच खेळायचं.

ज्यानं वैशाखातली अमरावती पाहिली नाही त्याला तो हॉल समजणार नाही. वाऱ्यानं फूल सरकतं म्हणून सगळी दारं लावलेली, खिडक्यांना तट्ट्या ठोकलेल्या, फटींत जिनातले गोणपाटाचे फाटके बोरे कोंबलेले. पंखा नाही. आत दिवे. लाकडी जमिनीवर घामाचे ठिपके पडायचे आणि त्यावर कोणी घसरू नये म्हणून मधेमधे फडकं फिरवायचं. बाहेरच्या उन्हानं पत्रे तडतड वाजायचे. मी फूल उचलायचो, ताई मागं जायची. मी हळूच सोडायचो, ताई पुढं धावायची. फूल माझ्या डोक्यावर फटक्याला तयार होऊन यायचं, हात आपोआप वर जायचा आणि सर ओरडायचे, “बाई!” मग मी मनगट ढिलं सोडायचो. आता नातीच्या मोबाइलवर मी आपल्या मुलींचे सामने पाहतो. थंड हवेचे हॉल, निळी-हिरवी जमीन, हजारो माणसं. पोरी जिंकल्या की मीही टाळी वाजवतो. पण मला आधी दिसतात त्या बंद खिडक्या. तो बोऱ्याचा वास आला की मला मायची सुई आठवायची. हात मोकळा होता, पण त्यानं काय करायचं ते पुन्हा दुसराच ठरवत होता.

एकदा मी बिथरलो. ताईनं फूल अर्धवट उचललं आणि मी सगळी ताकद लावून हाणलं. ते तिच्या खांद्यावर लागलं. तिनं खांदा चोळला आणि जाळीपाशी आली.

“हे काय होतं?”

“माहा खेय होता.”

“तुया खेळ घेऊन मी काय करू?” ती म्हणाली. “माह्यासमोर तू येणार नाहीस अकोल्याले. ते येणार हाय. मले तिची सवय पाहिजे. मी हरली तं घरी बसवतीन मले, लग्न लावून देतीन. समजलं का बाई?”

ती हे हसत म्हणाली नव्हती. मी रॅकेट ठेवून बाहेर जायला निघालो, दाराची कडी काढली आणि समोरून आगीसारखी झळ आली. मागून तीन-चार पोरी एकदम ओरडल्या, “दार लाव, फूल उडते!” मी दार लावलं. आतून लावलं.

त्यानंतर मी फटका मारला नाही. हट्टी माणूस एकदा ठरवलं की अर्धवट करत नाही. त्या बाईला मी पाहिलंही नव्हतं, पण ती कुठं उभी राहील, फूल सोडताना मान कुठं वळवेल, हे मी माझ्या अंगातून काढायला लागलो. ताई आधी धडपडायची, मग पोहोचायला लागली, मग मी हात फिरवायच्या आधीच जागेवर उभी दिसायला लागली. सर खूश होते. गिरणीची निवड सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्याच हॉलमध्ये होती. सर म्हणाले, “तुझा फटका कुठं जाते? हातातच हाय.” मीही तेच समजत होतो.

अकोल्याचा सामना सकाळीच सुरू झाला, उन्हाच्या आत संपावा म्हणून. बाबा आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. मी विचारलं, “तुमी कसे काय?” ते म्हणाले, “उद्या तुयं काय होते ते डोयानं पाह्यले आलो.” त्यांना मी वरच्या सज्जात, कठड्यापाशी, माझ्याजवळ बसवलं. आत तशाच खिडक्या बंद, तसेच दिवे, फक्त माणसं खच्चून भरलेली.

ती बाई आली. लहान चणीची, केस कानापर्यंत कापलेले, चेहऱ्यावर काही नाही. तिनं डाव्या हातात रॅकेट घेतली तेव्हा बाबांनी माझ्याकडं पाहिलं. खेळ सुरू झाला आणि मी कठड्यावरून पुढं वाकलो. ती माझंच खेळत होती. म्हणजे मी इतके दिवस तिचं खेळलो होतो, पण मला ते उलटंच दिसत होतं, जणू मीच तिथं खाली उभा होतो. ती मान वळवायची त्याआधी माझी मान वळायची. सगळा हॉल ताईच्या बाजूनं ओरडत होता. मीही तोंडानं ओरडत होतो. पण ताई आधीच जागेवर उभी दिसली की माझं ओरडणं मधेच तुटायचं. त्या बाईला कुठंच जागा सापडत नव्हती. तिची सगळी दारं कोणी लावली, ते त्या हॉलमध्ये तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. शेवटचं फूल तिनं हळूच सोडलं. चांगलं सोडलं होतं. ताई तिथंच उभी होती.

टोप्या उडाल्या. ताई घामानं निथळत आमच्याकडं आली आणि कठड्याखालून वर पाहून ओरडली, “हरल्या बाई तुमी! हरल्या!” मी हसलो. डावा हात मात्र मी कठड्याखालीच ठेवला होता. बाकीचे सामने त्या बेटांच्या संघानं जिंकले आणि आपला संघ तिथंच थांबला. पण सुनंदाताई जिंकली होती आणि पुढची पुष्कळ वर्षं ती खेळत राहिली.

दुपारी एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यावर दोन्ही संघांना पंगत होती. पाट, पत्रावळी, पुरणपोळी, कुरड्या, वडे आणि रस. त्या परदेशी मुलींना खाली बसल्यावर पाय कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, त्या एकमेकींकडे पाहून हसत होत्या. गावचे मोठे लोक समोरच्या रांगेत, शेवटी बाबांसारखी बाहेरगावची मंडळी. वाढायला माणसं कमी पडली म्हणून रसाची बादली माझ्याकडं आली. मी उजव्या हातात पळी घेऊन निघालो.

ती बाई डाव्या हातानं जेवत होती. सगळ्यांच्या देखत. व्यापाऱ्याची बायको स्वतः तिच्या पानात तूप सोडत होती आणि कौतुकानं म्हणत होती, “खा वं माय, पोटभर खा.” तिचा रसाचा द्रोण उजवीकडं होता, तिचा हात तिथपर्यंत आडवा जात होता आणि रस सांडत होता. मी वाकून तो द्रोण डावीकडं ठेवला. तिनं वर पाहिलं. शेजारी बसलेल्या सुनंदाताईनं तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, माझ्याकडं बोट केलं, फूल हळूच सोडल्याची खूण केली. त्या बाईचे डोळे मोठे झाले. तिनं तिचा डावा हात, रसानं माखलेला, वर केला आणि माझ्या हाताकडं दाखवलं. दाखव, अशी ती खूण होती.

मी पळी डाव्या हातात घेतली आणि तिच्या द्रोणात रस ओतला. एक थेंब सांडला नाही.

समोरच्या रांगेतल्या पहिल्या पानावर गेलो तेव्हाही पळी डाव्याच हातात होती. बदलता आली असती. मी बदलली नाही. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थानं आपला पंजा पत्रावळीवर आडवा धरला. “नको रे पोरा. त्या हाताचा नको.” त्याच्या पुढच्यानंही पंजा आडवा धरला. त्याच्या पुढच्यानंही. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही, नुसते पंजे पत्रावळीवर येत गेले. मी पूर्ण रांग चाललो. मागून सुनंदाताई मोठ्यानं म्हणाली, “बाई, तो रस इकडे आणा, मले पाहिजे!” पण मी वळलो नाही. मला शेवटपर्यंत जायचं होतं. शेवटी बाबा बसले होते.

बाबांनीही पंजा आडवा धरला.

“तिकडं पाहा नं बाबा,” मी म्हणालो. “ते कशी खाऊन राह्यली. घरची मालकीण वाढून राह्यली तिले.”

“पावनी हाय ते,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “उद्या जाईन आपल्या देशाले. तू घरचा हायस.”

दुसऱ्या दिवशी निवडीला माझ्यासमोर अकोल्याचा एक आडदांड पोट्टा होता. अमरावतीत मी त्याला पाणीही पिऊ दिलं नसतं. पहिलंच फूल उंच आलं, अगदी हवं तसं, आणि मी त्याच्याखाली गेलो. हात वर गेला आणि मनगट ढिलं पडलं. फूल जाळीजवळ हळूच पडलं, त्यानं ते उचललं. पुन्हा आलं. पुन्हा तसंच. मी दात खाऊन जोर लावला तर फूल जाळीत जाऊ लागलं. माझ्या हाताला दोन खेळ माहीत झाले होते आणि ऐन वेळी कोणता खेळायचा ते तो मला विचारत नव्हता. तो पोट्टा फटके हाणत गेला. कानडे सर उठून बाहेर गेले, दार उघडं राहिलं, फूल जरा सरकलंही. मी तक्रार केली नाही. हरलो ते वाऱ्यानं हरलो, असं कोणी म्हणू नये.

बाबा आणि मी गाडीनं बडनेऱ्याला उतरलो. घरी पोहोचलो तेव्हा मायनं पाट मांडले. मी बसलो आणि कोणी काही म्हणायच्या आधी हात मांडीखाली घातला. भाकर, वरण, चटणी. बाबांनी त्या दिवशी माझ्या मांडीकडं पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्याकडं पाहत जेवलो.

शेती केली, लग्न झालं, पोरं झाली, सगळ्या पंगतींत बसलो, हात तिथंच. नात डावखुरी आहे. तिच्या बाहीला कोणी हात लावला नाही, मी लावू दिला नसता. ती विचारते, आजोबा, आता तर कोणी पाहत नाही. मी म्हणतो, पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

बाबांना म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. डावा हात चांगला होता, पण त्या हातानं ते घास घेईनात. मग मीच भरवायचो. एका उन्हाळ्यात मी त्यांना वाटीनं रस पाजत होतो. माझा उजवा हात तेव्हाही बावळटच, वाटी हलत होती आणि रस त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता. त्यांनी चांगल्या हातानं माझं डावं मनगट धरलं, मांडीखालून ओढून बाहेर काढलं.

“यानं पाज बा,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण मला कळलं. “सांडून राह्यलं.”

मी हात सोडवून घेतला आणि परत होता तिथं ठेवला.

“कबूल केलं होतं,” मी म्हणालो.

मग त्यांनी तोंड उघडलं. मी उजव्या हातानं वाटी लावली. अर्धा रस आत गेला, अर्धा सांडला.